परीक्षा पास, पण सनद नाही : कॉर्नेलिया सोराबजी

तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आज काळा कोट घातलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांत आपल्या वस्त्यांतून, भाड्याच्या खोल्यांतून शिकून आलेल्या मुलीही आहेत. त्या युक्तिवाद करतात, उलटतपासणी घेतात, अशिलाला धीर देतात. हे दृश्य आता कोणाला वेगळे वाटत नाही. परंतु 1923 सालापर्यंत या देशात स्त्रीला वकील होण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. तिने कितीही परीक्षा दिल्या आणि कितीही चांगले गुण मिळवले, तरी सनदीच्या अर्जावर ती स्त्री आहे एवढे एकच कारण देऊन नकार लिहिला जात असे.

असा नकार ज्यांनी तीस वर्षे सोसला, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत. आपल्या चळवळीत हे नाव फारसे घेतले जात नाही. त्याला कारणे आहेत आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. तरीही शिक्षण मिळणे आणि त्या शिक्षणावर पोट भरण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने या बाईंचे आयुष्य एकदा तपासावे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. ज्या नाशकात पुढे 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तेच हे नाशिक. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी होते, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. धर्म बदलला म्हणून स्वतःच्याच समाजाचा रोष त्यांना पत्करावा लागला. धर्मांतर करणाऱ्याला काय सोसावे लागते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आई फ्रान्सिना यांना फोर्ड नावाच्या इंग्रज कुटुंबाने वाढवले होते. त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. घरात अनेक बहिणी होत्या आणि प्रत्येकीने शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे असा आईवडिलांचा आग्रह होता. सुझी या बहिणीने पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा काढली, तर ॲलिस डॉक्टर झाली.

तो काळ कसा होता? 1848 साली सावित्रीमाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा शेणमाती झेलावी लागली. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, म्हणजे 1883 साली, मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदवी परीक्षेला बसण्याची मुभा दिली. त्याआधी त्याच विद्यापीठाने कॉर्नेलियाबाईंच्या मोठ्या बहिणीला दारातूनच परत पाठवले होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1882 साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. शेतकऱ्याच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले होते. ती मागणी तशीच पडून राहिली. विद्यापीठाचे दार स्त्रियांसाठी किलकिले झाले, पण गावकुसाबाहेरच्या मुलीला पाटीसुद्धा मिळाली नव्हती. कॉर्नेलियाबाईंच्या वाट्याला जे आले ते त्यांच्या घरामुळे आले, ही वस्तुस्थिती आहे.

त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातले. या कॉलेजाचे मूळ 1821 साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेत आहे. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणा फंडातून ती सुरू झाली आणि सुरुवातीला तेथे ब्राह्मणांनाच प्रवेश होता. अशा संस्थेच्या वर्गात एक ख्रिस्ती मुलगी एकटी, बाकी सगळे पुरुष. ती वर्गात शिरायला लागली की काही विद्यार्थी तोंडावर दार आपटून घेत, असे त्यांच्या आठवणींतून कळते. तिला बाहेर ठेवण्याचा हा प्रकार होता. ती आत गेली आणि 1887 साली बी.ए.च्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

येथे पहिला धक्का बसला. सर्वांत वर आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. गुणांच्या हिशेबाने ती कॉर्नेलियाबाईंना मिळायला हवी होती. पण ती स्त्रीला देता येणार नाही असे ठरले. गुणवत्तेची भाषा बोलणारी व्यवस्था, गुण आपल्या माणसाकडे नसून दुसऱ्याकडे आहेत असे दिसताच कोणते कारण शोधते, हे आपण आजही पाहतो. त्या वेळी ते कारण स्त्रीत्व होते.

मग पोटापाण्यासाठी त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची नोकरी धरली. विशीतली मुलगी पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गाला शिकवू लागली. मात्र इंग्लंडला जाण्याचा विचार त्यांनी सोडला नाही. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी गोळा केली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला, परिचारिका म्हणून जगभर नाव झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पैसे दिले. अशा वर्गणीवर 1889 साली त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि सॉमरव्हिल या मुलींच्या संस्थेत राहू लागल्या. सरकारने हक्काने द्यायचे ते दिले नाही, म्हणून दानशूरांच्या दारात जावे लागले. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे आयुष्य याच फरकावर उभे आहे.

ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. बॅलिओल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांना पाठबळ दिले. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात कायद्याची पुस्तके होती, पण तेथे स्त्रीला प्रवेश नव्हता. सर विल्यम ॲन्सन यांनी खास परवानगी दिली तेव्हा त्या आत बसून वाचू लागल्या. 1892 साली बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा आली. ती पुरुषांची परीक्षा. स्त्रीला बसू द्यावे की नाही यावर खल झाला आणि परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बसू दिले. वेगळ्या खोलीत बसून पेपर लिहिण्याला मात्र त्यांनी नकार दिला, बाकीचे विद्यार्थी जेथे बसतात तेथेच बसून त्यांनी परीक्षा दिली. तिसरा वर्ग मिळाला, पण त्या पास झाल्या.

पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना शिकवत असे, काही परीक्षांना बसूही देत असे, पण पदवी देत नसे. 1920 साली नियम बदलला आणि कॉर्नेलियाबाईंना त्यांची पदवी 1922 साली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी मिळाली. वयाच्या पंचविशीत कमावलेला कागद पंचावन्नाव्या वर्षी हाती आला.

लंडनमध्ये एका सॉलिसिटरच्या कार्यालयात उमेदवारी करून त्या 1893 साली भारतात परतल्या. आता काम सुरू करायचे होते. काम होते आणि अशीलही होते. राजेरजवाडे आणि जमीनदार यांच्या घरांत पडद्याआड राहणाऱ्या स्त्रिया विधवा झाल्या की दिवाण, कारभारी आणि नातेवाईक त्यांच्या इस्टेटी गिळत. परपुरुष वकिलाशी बोलायची बंदी, कागद वाचता येत नाही, पुढे आलेल्या दस्तावर अंगठा उमटवायचा एवढेच. अशा स्त्रीने केलेल्या दस्ताकडे न्यायालये संशयाने पाहत. तिला तो नीट समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर टाकली जाई. पण हे संरक्षण मागायला न्यायालयापर्यंत जाणार कोण? येथे स्त्री वकिलाची गरज होती.

आणि स्त्रीला सनद नव्हती. काठेवाडातील संस्थानांत आणि इंदूरला इंग्रज एजंटांपुढे बोलण्याची त्यांना खास परवानगी मिळाली. त्यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. एका संस्थानात हत्तीच्या चाऱ्यापाण्यासाठी नेमून दिलेल्या उत्पन्नाचा तंटा होता आणि बाई हत्तीच्या बाजूने उभ्या राहिल्या. राजाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कारण काय, तर राजाच्या कुत्र्याला या बाई आवडल्या! त्यांनी ही हकीगत गमतीने सांगितली आहे. आम्हा वकिलांना मात्र त्यात कायद्याचे राज्य नसलेला मुलूख दिसतो. आज कुत्र्याला आवडले म्हणून जिंकलेला माणूस उद्या त्याला आवडला नाही म्हणून हरणार.

1896 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात त्या खुनाच्या खटल्यात आरोपीतर्फे उभ्या राहिल्या. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, न्यायालयाने परवानगी दिल्यास वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येत होती. त्या पळवाटेतून त्या आत गेल्या. मग त्यांनी 1897 साली मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी.ची परीक्षा दिली. 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश मिळाले आणि सनद दोन्हीकडे नाही. पैशासाठी त्या लेख आणि पुस्तके लिहीत होत्या. पडद्यातल्या स्त्रियांच्या जीवनावरचे त्यांचे पुस्तक 1901 साली निघाले.

शेवटी त्यांनी सरकारकडे लकडा लावला की स्त्रिया आणि अज्ञान वारसांसाठी एक स्त्री कायदा सल्लागार नेमावा. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. ज्यांचे वारस अज्ञान आहेत किंवा ज्यांची मालकीण स्वतः कारभार पाहू शकत नाही अशा इस्टेटी सांभाळणारे हे सरकारी खाते. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम अशा मोठ्या प्रदेशात बोटीने, पालखीने, रेल्वेने फिरून त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. सहाशेहून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांनी मदत केली असे मानले जाते. काही कामांचे पैसेही घेतले नाहीत. 1909 साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार दिला नाही.

या दरम्यान इतर स्त्रियाही दार ठोठावत होत्या. रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने 1916 साली फेटाळला. सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा हायकोर्टाने 1921 साली नाकारले. कायद्याचा अर्थ लावताना पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही येते, असा सर्वसाधारण नियम सरकारनेच केलेला होता. तो नियम दाखवल्यावर न्यायमूर्तींनी सांगितले की वकिलांच्या कायद्याला तो लागू पडत नाही, कारण तो कायदा करताना स्त्री वकील कोणाच्या मनातच नव्हती. शिक्षा द्यायची असेल तेव्हा पुल्लिंगात स्त्री येते आणि अधिकार द्यायचा असेल तेव्हा येत नाही, असा हा न्याय. मात्र त्याच 1921 साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंची वकील म्हणून नोंद केली. पुढे 1923 साली कायदेमंडळाने कायदा केला आणि केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही हे स्पष्ट झाले. या एका कायद्याने पुढच्या सगळ्या मुलींची वाट मोकळी झाली.

कॉर्नेलियाबाई लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि 1924 साली त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. वय अठ्ठावन्नकडे झुकले होते. सहकारी पुरुष त्यांना प्रत्यक्ष खटले येऊ देत नसत, बहुतेक वेळ कागदावर सल्ला देण्यात जात असे. 1929 साली त्या लंडनला निघून गेल्या आणि 6 जुलै 1954 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आता ज्या कारणांमुळे हे नाव आपल्याकडे घेतले जात नाही, त्यांकडे वळू. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. स्वातंत्र्य चळवळीला आणि गांधींना त्यांचा विरोध होता. भारतातल्या बालविवाहावर आणि स्त्रियांच्या अवस्थेवर टीका करणारे कॅथरीन मेयो यांचे पुस्तक 1927 साली आले, तेव्हा त्यांनी मेयोबाईंची बाजू घेतली आणि अनेक जुने सहकारी दुरावले. त्यांच्या अशील स्त्रिया जमीनदारांच्या घरातल्या होत्या. त्या जमीनदारांच्या शेतात राबणाऱ्या, वेठबिगारी करणाऱ्या स्त्रिया त्यांच्या कार्याच्या केंद्रस्थानी कधी आल्या नाहीत.

असे का झाले? नुसते गुलामी मनोवृत्ती म्हणून सोडून देणे आम्हास पटत नाही. त्यांच्या आयुष्यातले टप्पे मोजून पाहा. ऑक्सफर्डची फी वर्गणीतून. ग्रंथालयाचा प्रवेश खास परवानगीने. परीक्षा खास ठरावाने. पुण्याचा खटला न्यायाधीशाच्या परवानगीने. नोकरी खास निर्माण केलेल्या पदावर. आयुष्यभर जे मिळाले ते वरच्या माणसाच्या मेहेरबानीने मिळाले. ज्याला सगळे मेहेरबानीने मिळते तो मेहेरबानी करणाऱ्याचे राज्य टिकावे अशीच इच्छा धरतो. त्यात त्या बाईंचा जितका दोष, त्याहून अधिक दोष हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

याच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ठेवा. 1913 साली ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. म्हणजे सुरुवात राजाच्या मदतीनेच. 1917 साली बडोद्याला नोकरीवर आले तेव्हा राहायला खोली मिळेना, पारशी सराईतून त्यांना बाहेर काढले गेले. पदवी होती, पण पदवीने पोट भरू दिले नाही. 1922 साली ते बॅरिस्टर झाले आणि 1923 साली, स्त्रियांच्या वकिलीचा कायदा झाला त्याच वर्षी, मुंबईत त्यांनी वकिली सुरू केली. सनदेच्या पैशासाठी नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. येथपर्यंत दोन्ही आयुष्यांत साम्य दिसते.

फरक पुढे आहे. आपल्याला मिळालेली मदत ही एकट्यापुरती राहू नये म्हणून बाबासाहेबांनी तिचा कायदा केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि 1944 सालापासून अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. घटनेत कलम 15 आणि 16 आले, कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य कलम 19 मध्ये आले. कॉर्नेलियाबाईंनी ज्या हिंदू विधवांची प्रकरणे एकेक करून हाताळली, त्यांचे मूळ दुखणे कायद्यात होते. विधवेला मिळकत मिळे ती हयातीपुरती, मर्यादित. तिला पूर्ण मालकी नव्हती. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी या दुखण्यावरच बोट ठेवले. ते बिल अडवले गेले आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने मर्यादित मालकीची पूर्ण मालकी केली. बाईंनी वीस वर्षे वणवण करून सहाशे जणांना हात दिला, कायद्याच्या एका कलमाने कोट्यवधी स्त्रियांना मालक केले. बाईंचे कष्ट आम्ही कमी लेखत नाही. एकेकीला वाचवणे आणि सगळ्यांना हक्क देणे यांतले अंतर दाखवत आहोत.

हे सगळे आज कशासाठी सांगायचे? आमच्याकडे विद्यार्थी येतात. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असते, पण शिष्यवृत्तीची यादी लागलेली नसते आणि तिकडे वर्ग सुरू होतात. मग कोणी वर्गणी काढतो, कोणी पुढाऱ्याच्या दारात उभा राहतो. वर्गणी काढणे वाईट नाही, समाजाने मुलांना मदत केलीच पाहिजे. पण हक्काची रक्कम वेळेत मिळाली नाही तर आपली मुले पुन्हा 1889 सालच्या कॉर्नेलियाबाईंच्या जागी जाऊन उभी राहतात. आणि मेहेरबानीची सवय लागलेला शिकलेला माणूस उद्या कोणाच्या बाजूने उभा राहील, याचाही विचार चळवळीने करावा.

सनदेचेही तेच. अनेक राज्यांतल्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 24 मध्ये ठरवलेल्या रकमेपेक्षा अधिक फी घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये आहे. जादा फी हा गरीब घरातून आलेल्यांना व्यवसायाबाहेर ठेवण्याचा मार्ग ठरतो, हे न्यायालयाने मान्य केले. हा निर्णय कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असला पाहिजे.

वाचकहो, आपल्या तालुक्यात कायदा शिकणाऱ्या मुली किती आहेत, त्यांपैकी किती जणींची सनद झाली आणि किती जणी आज प्रत्यक्ष वकिली करून घर चालवतात, याची यादी करा. शिष्यवृत्ती अडली असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, कोणत्या टेबलावर कागद थांबला ते लेखी घ्या. नव्या मुलीला ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसायला जागा आणि महिन्याचे मानधन मिळेल असे पाहा, कारण पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न नसते आणि त्याच वर्षांत आपल्या मुली हा व्यवसाय सोडून जातात. आपल्या वकील मंडळींनी स्वतःपासून सुरुवात करावी. कॉर्नेलियाबाईंना परीक्षा पास झाल्यावर तीस वर्षे थांबावे लागले. आपल्या मुलींना तीस महिनेसुद्धा थांबावे लागू नये, ही जबाबदारी आपली आहे.

जयभीम!